शिखरावरचं मंगलचं तोंड

धारूरजवळच्या एका वाडीत महादेवाचं जुनं देऊळ आहे. त्याच्या शिखरावर चुन्यात घडवलेले मोर, वेली आणि वाद्यं वाजवणाऱ्या बायांच्या मूर्ती आहेत. सुभद्राबाईचा नवरा रामेश्वर गवंडी होता. ऊसतोडीहून परतला की उन्हाळ्यात तो शिखराची पडझड चुन्यानंच दुरुस्त करायचा. चुना मळायचं काम सुभद्राबाईचं.

एका हंगामात उसाच्या फडावर त्यांची लेक मंगल तापानं गेली. लहानगी होती. तिचा एकही फोटो नव्हता. त्या उन्हाळ्यात रामेश्वरनं टाळ वाजवणाऱ्या एका मूर्तीचं झिजलेलं तोंड नव्यानं केलं. खाली उतरून बायकोला एवढंच म्हणाला, "वर बघ." सुभद्राबाईनं बघितलं. वर मंगलचं तोंड होतं.

रामेश्वर वारल्यावर शिखराकडं कुणी लक्ष दिलं नाही. पावसानं रेषा बुजत गेल्या, भेगांत पिंपळ रुजला. मग एका यात्रेआधी गावानं भेगांत सिमेंट भरलं आणि सगळ्या शिखराला ऑइलपेंट मारला. सुभद्राबाईलाही बरं वाटलं. मंगल आता लांबून दिसत होती.

पण आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. पुढच्या पावसाळ्यांत रंगाला फुगे आले आणि त्यांच्यासोबत चुना सुटू लागला. एका सकाळी त्याच मूर्तीचं नाक आणि अर्धा गाल देवळाच्या पायरीवर पडलेला होता. सुभद्राबाईनं उचलला, तर हातातच त्याचं पीठ झालं.

ती रामेश्वरच्या गवंडीकामातल्या जोडीदाराकडं, म्हाताऱ्या त्रिंबककडं गेली. चुना तिनंच मळला. बांबूंची परांची बांधून दोघं वर चढले. त्रिंबकनं ओला चुना लावला आणि हात थांबवला.

"वहिनी, पोरीचं नाक कसं होतं? बसकं का सरळ?"

सुभद्राबाईनं डोळे मिटले.

"भाऊजी, मला ह्या मूर्तीचंच नाक दिसतंय. तेबी झिजल्यालं. तिचं आठवंना."

त्रिंबकनं अंदाजानं एक नाक केलं.

"ही कुनाची पोर हाय?" ती म्हणाली. "पुसा."

त्यानं दुसरं केलं. तिनं तेही पुसायला लावलं. शेवटी तोंड सपाटच ठेवून दोघं उतरले. आतली भिंत ओलीच होती. पुढच्या पावसात तो थरही गळून पडला.

दिवाळीनंतर मुलगा अजिनाथ ऊसतोडीला निघाला, तेव्हा कित्येक वर्षं गावातच राहिलेली सुभद्राबाईही गुडघे धरून ट्रकमध्ये चढली.

"आई, तू कावून येती?"

"हितं ऱ्हाऊन काय करू," ती म्हणाली आणि बोचक्याला टेकून बसली.