मोसंबीवरचा लेप

बियाणं कंपनीतली विक्रीची नोकरी सोडून मी जालन्यातल्या मस्तगडात एक खोली भाड्यानं घेतली, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. विद्यापीठातल्या संशोधकांनी लावलेले शोध बाजारात उभे करायचे, हा माझा धंदा. नेमकं काय करतेस, असं घरचे विचारायचे. मला ते एका वाक्यात सांगता यायचं नाही आणि त्याचा मलाच राग यायचा.

त्या काळात माझ्याकडे चिकाटीनं टिकल्या त्या एकट्याच. कृषी विद्यापीठात शिकवणाऱ्या मॅडम. त्यांनी मेणाचा एक लेप शोधला होता. तोडलेली मोसंबी त्यात बुडवून वाळवली की लवकर सुकत नसे. हा लेप तयार करून विकायचा म्हणून मॅडमनी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती. रजा संपेपर्यंत एकही गिऱ्हाईक मिळालं नाही, तर मुकाट्यानं परत वर्गावर जायचं, असं त्यांच्या घरी ठरलेलं होतं. मी भेटले तेव्हा अर्धी रजा सरली होती.

कुंभार पिंपळगावच्या एका बागेतली मोसंबी घेऊन, लेप लावून आम्ही जालन्याच्या मोंढ्यात ढीग मांडला. मॅडम तक्ता उलगडून लेपामुळे फळात किती पाणी टिकतं ते समजावू लागल्या. व्यापाऱ्यानं तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं एक फळ उचललं, अंगठ्याच्या नखानं साल खरवडली आणि नाकाशी धरली. मोंढ्यात ताज्या मोसंबीची परीक्षा अशीच होते. नखात मेण आलं, वास काही आला नाही.

"म्याडम, ह्याला वासच न्हाई," तो म्हणाला. "शिळ्या मालाला पॉलिश मारून आणलं काय?"

ही गोष्ट मोंढाभर व्हायला वेळ लागला नाही. त्या दिवशी आमच्या ढिगाकडे कुणी फिरकलं नाही.

परतताना मी मॅडमना लेप पातळ करायला सांगितलं. त्या उसळल्या. पातळ केला तर फळ तितकं टिकणार नाही, मग माझ्या संशोधनाला अर्थ काय, म्हणाल्या. मीही चिडले. संशोधन कपाटात ठेवायचं असेल तर जाड लेप उत्तम आहे, असं तोंडावर सांगून टाकलं.  दोन दिवसांनी त्यांचाच निरोप आला, वास घ्यायला या. त्या लेप पातळ करत होत्या, स्वतः नखानं साल खरवडत होत्या आणि फळ माझ्या नाकापुढे धरत होत्या. मला मोसंबीचा रस नकोसा झाला, पण वास यायला लागला.

दुसऱ्या खेपेला त्याच व्यापाऱ्यानं साल खरवडली, मान हलवली आणि शेजारच्या बिनलेपाच्या ढिगाचाच भाव सांगितला. मला हायसं वाटलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी विकत घेत होतं.

"आज विकायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात याच ढिगापाशी या."

मी कपाळाला हात लावला. त्यांनी शेजारच्या ढिगातली एक पाटी साधी मोसंबी विकत घेतली आणि आपल्या ढिगाच्या जोडीला मांडून ठेवली. आठवडाभर आम्ही दोघी पाळीपाळीनं तिथं बसलो. दोन शिकलेल्या बाया मोसंबीची राखण करतात, म्हणून हमाल हसायचे. मला लाज वाटायची. मॅडमना वाटत नव्हती.

व्यापारी आला तेव्हा पाटीतली मोसंबी चामट झाली होती आणि आमची तशीच घट्ट होती. त्यानं वरचं फळ खरवडून हुंगलं. मग ढिगात हात घालून तळाचं काढलं, तेही हुंगलं. भावाचं बोललाच नाही.

"ढिगाचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हे वरून लावायचं कुठं भेटतं?"

बोलणी करणं माझं काम, म्हणून मी तोंड उघडलं. पण मॅडम माझ्या आधी बोलल्या.

"कुठंच भेटत न्हाई. मी बनवते. तुम्हाला किती लागंल?"