हरवलेल्या पोरीचा पुकारा

मंडळी, आज कोल्हारला लहान मुलांची गायन स्पर्धा होती. माईक माझ्याकडे होता.

दुपारी पाच-सहा वर्षांची एक पोरगी स्टेजमागे रडताना सापडली. जत्रेत करतो तसाच मी पुकारा केला, "गुलाबी फ्रॉक, नाव ईश्वरी, आईचं नाव मनीषा. ज्यांची असेल त्यांनी येऊन घेऊन जावं."

दोनच मिनिटांत एक माणूस आला. "ईश्वरी आमचीच हाय. मी मनीषाचा भाऊ." मी पोरीचा हात त्याच्या हातात देणारच होतो.

पेटी वाजवणाऱ्या बाईंनी त्याला सहज विचारलं, "आज कोणतं गाणं म्हटलं हिनं?"

"गाडी नीट लावून येतो," म्हणाला आणि गेला. परत आलाच नाही.

थोड्या वेळानं आई धावत आली. बाईंनी तिलाही तेच विचारलं. ती म्हणाली, "भूपाळी. दुसरं कडवं इसरली, म्हनून तर रडत पळाली."

तो माणूस कोण होता, कशाला आला होता, मला माहीत नाही. खरंच मामा असेलही, आईला विचारायचं गडबडीत राहूनच गेलं.

तुमच्याकडे पोर हरवलं की माईकवर काय काय सांगता? मी सगळंच सांगितलं होतं. त्या माणसाला ईश्वरीबद्दल जेवढं माहीत होतं, तेवढं माझ्याच तोंडून ऐकलेलं होतं.