दुसऱ्यांदा बदललेला गुडघा

बेल वाजवली की दाराआडून साळवेमावशींचा आवाज यायचा, "थांबा हं, मी निघालेय, गुडघ्याची मंजुरी यायचीय!" सगळी नोकरी दिल्लीच्या एका मंत्रालयात झालेली, त्यामुळे बोलण्यात फाइली आणि मंजुऱ्या. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या. यजमान वारले होते, मुलगा समीर बंगळुरूला. नोएडात आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहायच्या.

मी पुण्याहून इथं आले तेव्हा त्यांचा उजवा गुडघा बदलून झाला होता, आणि तरी दुखतच होता. पाऊल टेकलं की नडगीत कळ जायची. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून "सब ठीक है, माताजी" म्हणत परत पाठवलेलं. समीर फोनवर म्हणायचा, "आई, तू व्यायाम टाळतेस." शेजारणी म्हणायच्या, "उमर है, आंटी." हळूहळू मावशींनी दुखण्याचा विषयच सोडून दिला. चर्चमध्ये गाण्याला सगळे उभे राहायचे, त्या बाकावर बसून गायच्या. "देवाला चालतं गं, मलाच चालत नाही," असं म्हणून हसायच्या.

एकदा लिफ्टसमोर त्यांचा पाय एकदम लटपटला. मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, कुठं दुखतं ते बोटानं दाखवायला सांगितलं, नव्यानं तपासण्या केल्या आणि म्हणाले, "अंदर का जोड़ हड्डी से ढीला हो गया है, माताजी. दर्द तो होगा ही. ऑपरेशन दोबारा करना पड़ेगा."

मावशींना रडू कोसळलं. डॉक्टरांना वाटलं, घाबरल्या. पण माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "म्हणजे मी उगीच कण्हत नव्हते ना गं?"

मग तयारी सुरू झाली. जंतुसंसर्ग नाही ना, हे बघायला सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं. एक किडकी दाढही काढावी लागली, तिच्यातले जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचू नयेत म्हणून. गाल सुजलेला, तरी मावशी म्हणाल्या, "बघ, दुखणं एका खात्याचं, बदली दुसऱ्याची!" मांडीत ताकद यावी म्हणून रोज व्यायाम. पाय अडकू नये म्हणून फिजिओथेरपिस्टनं बैठकीतली पानिपतची दरी, म्हणजे जाड सतरंजी, काढायला सांगितली. ती साळवेकाकांनी हौसेनं आणलेली. मी गुंडाळत होते, त्या खुर्चीतून बघत होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "ने आत. माझं पडणं त्यांनाही आवडलं नसतं."

समीर आला तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. बॅग ठेवून मावशींच्या पायाशी बसत म्हणाला, "आई, मी तुलाच बोलत राहिलो."

"अरे, तुला दिसत नव्हतं. मला तरी कुठं दिसत होतं? मला नुसतं दुखत होतं."

सकाळी त्यांना आत न्यायच्या आधी त्या प्रथमच भ्यालेल्या दिसल्या. "समीर, प्रार्थना कर. मराठीत हं." तो दिल्लीत वाढलेला, दोन वाक्यांतच अडखळला. मावशी डोळे मिटूनच त्याला एकेक शब्द पुरवत राहिल्या, आणि स्ट्रेचर हलेपर्यंत मायलेकांची प्रार्थना तशीच चालली.

नवा गुडघा पूर्ण वाकत नाही, थंडीत आखडतो. पण ती कळ गेली. चर्चमध्ये मावशी आता पुढच्या बाकाला धरून का होईना, उभ्या राहून गातात.

परवा मी आणि मावशी खाली उतरलो, तर लिफ्टपाशी आमच्या समोरच्या घरातली नवी सून भेटली. पाठ दुखते, असं हळूच म्हणाली. सोबतच्या सासूबाई लगेच हसल्या, "इस उमर में?" मुलीनं मान खाली घातली. मावशी तिला हाताला धरून बाकड्यापाशी घेऊन गेल्या, काठी बाजूला ठेवून शेजारी बसल्या.

"बता बेटा, कहाँ दुखता है? आराम से बता. मुझे कहीं नहीं जाना."

बाहेर त्यांना न्यायला आलेली कॅब हॉर्न वाजवत होती.