बुवांच्या पट्ट्या

चार माणसं रोज एकत्र बसली की किस्से साठतातच! नाटक मंडळी घ्या, पत्त्यांचा अड्डा घ्या, नाहीतर आमचं मोताळ्याचं भजनी मंडळ घ्या. फरक एवढाच, की बाकीच्यांचे किस्से ऐकून माणूस हसतो आणि घरी जातो. आमचे सांगताना माझंच हसू मध्येच कुठेतरी अडकतं. कारण हे सगळे एका वर्षातले आहेत. त्या वर्षी दगडूबुवांची एकुलती एक लेक गेली, आणि तिची आई, सरूबाई, रडलीच नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी चिखलीहून बदली होऊन शाळामास्तर म्हणून आलो. पेटी वाजवतो म्हटल्यावर मंडळानं मला पहिल्याच आठवड्यात उचललं.

*

मंडळ म्हणजे मुख्यतः तिघं. दगडूबुवा गाणारे, घरची पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. महादा तबल्यावर. आणि पेटीवर मी.

पहिल्या दिवशी मी सहज काळी एकचा सूर धरला, तर बुवांनी माझा हातच पकडला!

"मास्तर, कोनाच्या घरी बसलो हे पाह्यल्याबिगर पट्टी धराची नाही!"

मग त्यांनी मला पेटीतल्या एकेका पट्टीचा स्वभाव सांगितला. काळी एक मयताच्या घरची. काळी दोन रुसलेली, तिला फार वेळ मनवावं लागतं. पांढरी चार लेकुरवाळी, बारशाला तीच. आणि काळी पाच? "थे तहसीलदारीन हाय. कोनाचं आयकत नाही!"

मी शिकलेला माणूस. म्हटलं, "बुवा, भाव रागात असतो. पट्टी गळ्याच्या सोयीनं धरायची. वर-खाली केली म्हणून गाणं रडकं होत नाही."

बुवा शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी पेटी बुकातून शिकले. मी मयतीतून शिकलो."

*

लेकीचं नाव सुमन. तिला संग्रामपूरकडे दिली होती. पहिलंच बाळंतपण. बैलगाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला आणि बाळ-बाळंतीण दोघंही गेली. सरूबाई तिकडून परत आल्या, घागर घेतली, पाण्याला गेल्या. संध्याकाळी भाकरी टाकल्या. डोळ्यांत टिपूस नाही.

बायका घाबरल्या. न रडलेलं दुःख काळजात बसतं, माणसाला घेऊन जातं, अशी सगळ्यांची खात्री. दोन घरं सोडून राहणाऱ्या म्हातारीचं उदाहरणही प्रत्येकीकडे तयार!

शेवटी सरूबाईंच्या नणंदेला बोलावलं. रडवण्यात ती पटाईत. आली ती उंबऱ्यातूनच हंबरडा फोडत आली. सुमीचं परकर-पोलकं, सुमीचे दात पडले तो दिवस, सुमीची पाठवणी, सगळं काढलं. घरातल्या बायका हुंदके देऊन बेजार. नणंद तर रडून रडून भिंतीला टेकली, घेरीच यायची बाकी.

सरूबाईंनी तिला पाणी पाजलं. पाठीवरून हात फिरवला. आणि म्हणाल्या, "वन्सं, तुमचं झालं असन तं चहा मांडतो."

*

तेव्हा बुवांनी ठरवलं. तेरावा झाला तरी दर गुरुवारी दुपारून भजन आपल्याच घरी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रडू कुठीतरी अडकेल हाय तिचं. कोन्या तरी पट्टीत थे सुटंन. मले आता दुसरं काई येत नाही, मास्तर."

पहिल्या गुरुवारी अर्थातच काळी एक. बुवा असे गायले, असे गायले, की मी तोपर्यंत तसं ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. अख्खी आळी रडली. रस्त्यानं चाललेला एक बांगड्यावाला टोपली उतरवून ओट्यावर बसला आणि रडायला लागला. कोण गेलं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं!

सरूबाई आतून आल्या. "चहा किती जनाले?"

बुवांनी डोळे पुसले आणि बोटं मोजत म्हणाले, "नऊ. बांगड्यावाला धरून."

*

पुढच्या गुरुवारी काळी दोन. मग पांढरी चार. मग काळी चार. बुवांचं ठीक आहे, गळा वर-खाली होतो. माझंही ठीक, बोटं सरकवायची. पण तबला ज्या सुरात लावाल त्याच सुरात बोलतो! महादाकडे तबला एकच. दर गुरुवारी तो हातोडी घेऊन ठोकत बसायचा. चढव, उतरव, पुन्हा चढव.

पाचव्या गुरुवारी काळी पाच करायला गेला आणि तबल्याची पुडी, वरचं कातडंच, फाटली. महादानं हातोडी खाली ठेवली.

"बुवा, मानूस एकडाव मरते. माह्या तबला दर गुरुवारी मरून राह्यला!"

बोलून गेला आणि जीभच चावली त्यानं. सरूबाईंनी आतून विचारलं, "महादा, तुह्या चहात साखर कमी टाकू ना?"

*

मधेच रोहिणखेडचं बारशाचं आमंत्रण आलं. बुवा जायला तयार नव्हते, पण शब्द जुना होता. मागून आणलेल्या तबल्यावर महादा, आणि पेटीवर मी. मांडवात बायकांची गर्दी, पाळणा सजवलेला. मी भाता हलवला आणि सूर धरला.

इतके दिवस मयताच्या घरी वाजवून हाताला वळणच पडलं होतं. बोट गेलं ते थेट काळी एकवर! माझ्या लक्षात आलं नाही. आणि बुवांनीही, कुठे हरवले होते कोण जाणे, त्याच सुरात गायला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्याला म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले. तिसऱ्याला बाळाची आजी पाळण्याची दोरी सोडून हुंदके द्यायला लागली. बाळाचा बाप मांडवातून धावत आला आणि पेटीवर हात ठेवून ओरडला, "मास्तर, पोरगं जितं हाय ना बाप्पा आमचं!"

जेवणाचा आग्रह कोणी केला नाही. परतताना बैलगाडीत मी बुवांची माफी मागितली. भाव रागात असतो, हे माझं शहाणपण तर त्या मांडवातच संपलं होतं.

बुवा म्हणाले, "रोयनखेडच्या साऱ्या बाया रडल्या, मास्तर. माह्यी एक रडत नाही."

*

त्यानंतर बुवांचा गळा बसला. बसला तो बसलाच. घोटभर पाणी मागायचं तरी खूण करायचे. महादा कापूस वेचणीला जायला लागला. गुरुवार आला, तो फक्त माझ्यासाठी. सवयीनं गेलो.

बुवा आत पडून होते. सरूबाई पडवीत सुपात ज्वारी पाखडत होत्या. पेटीला ओल लागल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी वरच्या टोकापासून एकेक पट्टी दाबून पाहत चाललो होतो. गाणं नाही, काही नाही. बोललेल्या पट्ट्या सोडायच्या, अडलेल्या पुसायच्या.

सुपाचा आवाज थांबला.

"मास्तर, मांगं या."

"कुठं?"

"आता एक गेली थे. पुन्हा वाजवा."

मी दोन-तीन दाबल्या. त्या मान हलवत राहिल्या. शेवटी उठल्या, पदराला हात पुसले आणि पेटीसमोर बसल्या. इतकी वर्षं पेटी त्या घरात होती, पण त्यांनी तिला कधी बोट लावलं नव्हतं. मी भाता हलवत राहिलो. त्या एकेक पट्टी दाबत वर वर गेल्या, पुरुषाचा गळा जिथे कधी सूर धरत नाही तिथपर्यंत. तिथल्या एका पांढऱ्या पट्टीवर बोट थांबलं.

"दयन घेऊन जात्यावर बसली का सुमी ओवी इथून उचले," त्या म्हणाल्या. "म्या खालून धरो."

बोट त्यांनी काढलं नाही. एकच सूर पडवीभर. बुवा दाराशी आले, चौकट धरून उभे राहिले आणि त्या फाटक्या आवाजात विचारलं, "कोनती पट्टी हाय, मास्तर?"

मी पट्टी पाहायला वाकलो आणि मान वर केली. सरूबाईंचा चेहरा हनुवटीपर्यंत ओला झाला होता आणि त्या तो पुसत नव्हत्या. माझा भात्यावरचा हात आपोआप थांबला. सूर तुटला.

"थांबू नका ना, मास्तर," त्या म्हणाल्या. "पायलीभर दयन राह्यलं आमचं अजून."