लमजदचा नंबर

लमजद दहमानी ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं होता. त्यातली चौदा वर्षं मी त्याच मजल्यावर, काचेच्या पलीकडे, ग्राहक विभागात बसत होते. तोंडावर मी त्यांना 'सी लमजद', म्हणजे लमजदराव, म्हणायचे, मनात मात्र तो नुसता लमजदच होता. बुटका, पुढे वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. तो कर्केन्ना बेटांचा. दर गुरुवारी दुपारच्या फेरीबोटीनं घरी जायचा आणि येताना वाळवलेल्या ऑक्टोपसची जुडी घेऊन यायचा. त्या वासावरून आमच्या मजल्यानं त्याची जितकी टिंगल केली, तितकं काम त्या मजल्यानं कधी केलं नाही.

दोन हजार सात साली आमच्या कंपनीला खुलेपणाची उबळ आली. लँडलाइन, मोबाइल आणि इंटरनेट ही तीन जाळी तोवर तीन सवतींसारखी नांदत होती. ती आता एक होणार आणि त्यांच्यावर एक खुला सेवामंच बसणार, असं ठरलं. मंच म्हणजे मधला एक सर्व्हर. त्याला साध्या शब्दांत सांगायचं, हा फोन वाजव, कुणी उचलला नाही तर तो वाजव, अमक्यांना मेसेज पाठव. आतल्या तारा आणि यंत्रं ठाऊक असायची गरज नाही. ज्याला प्रोग्रॅम लिहिता येतो, त्यानं घरी बसून टेलिफोनची नवी सेवा तयार करावी. कल्पना खरोखर चांगली होती. चांगली कल्पना नासवायलाही हुशारी लागते, आणि ती आमच्या साहेबांकडे भरपूर होती.

साहेब म्हणजे वजदी मझूनी. राजधानी ट्युनिसच्या मुख्य कचेरीत 'नवसेवा संचालक'. गमार्थच्या समुद्रकाठच्या हॉटेलात त्यांनी मंचाचं उद्घाटन केलं. भाषणात 'खुला' हा शब्द एकतीस वेळा आला. पडद्यावरच्या चित्रांसाठी बोलावलेली मी आणि शेजारचा टाइपिस्ट मोजत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या वर्षभरात या खुल्या मंचावर दोन सेवा आल्या. एक राशिभविष्याची, एक मोबाइलवर गाणी वाजवण्याची. दोन्ही साहेबांच्या मेहुण्याच्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

उद्घाटनाचं एक जाडजूड पुस्तक सगळ्या एक्स्चेंजना आलं. आमच्याकडे ते चहाच्या किटलीखाली गेलं. लमजदनं ते तिथून उचललं, पुसलं आणि वाचलं. त्याचं शिक्षण तंत्रशाळेपुरतं, इंग्रजी तर अडखळत. सहा महिने तो रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हातात टूना आणि हरिसाची तिखट चटणी भरलेला पाव आणि दुसऱ्या हातात शब्दकोश घेऊन ते पुस्तक वाचत बसे.

"सी लमजद, या वयात परीक्षा देताय का?" मी विचारलं.

"देतोय," तो म्हणाला. "आमच्या बेटावर माणूस पडला की बायको आधी दवाखान्याला फोन लावते. नर्स लस टोचायला गेलेली असते. मग शेजारी, मग होडीवाला. सगळीकडे घंटा वाजतेय आणि घरात माणूस जातोय. हे यंत्र म्हणतं, एकच नंबर ठेव, बाकीची पळापळ मी करतो. खरं बोलतं का ते बघतोय."

प्रत्येक एक्स्चेंजला मंचावर एक चाचणी खातं दिलेलं होतं. आमचं कुणी उघडलंही नव्हतं. लमजदनं ते उघडलं आणि एक नंबर तयार केला. कुठल्याही घरातून तो फिरवला की आधी नर्स मबरूका हिचा दवाखान्यातला फोन वाजायचा, तिथे नसली तर मोबाइल. वीस सेकंदांत तिनं उचलला नाही, तर होडीवाला खमायस आणि स्फाक्समधला एक डॉक्टर, दोघांचेही फोन एकदम वाजायचे. शिवाय इंटरनेटवरून वाऱ्याची खबर घेऊन फेरीबोट बंद होणार असली की घरोघरी आधीच सांगायचा. ज्या म्हाताऱ्यांकडे मोबाइल नव्हता, त्यांच्या लँडलाइनवर लमजदच्याच आवाजात, "वारा वाढतोय, आजच निघा."

फेब्रुवारीत एका दुपारी अताया गावच्या हुस्नियाला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. मूल आडवं होतं. सासूनं तो नंबर फिरवला. मबरूका सायकलवरून पोचली. तिनं कळवल्यावर स्फाक्सच्या डॉक्टरनं फोनवरूनच फेरीबोटीच्या कप्तानाला थांबवून धरलं. शेवटची फेरी सुटली ती हुस्नियाला घेऊनच, आणि तासाभरात वाऱ्यामुळे बंदर बंद झालं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप राहिल्या.

ही गोष्ट स्थानिक वर्तमानपत्रात आली आणि साहेबांच्या टेबलावर पोचली. त्यांना घाम फुटला असणार, कारण परदेशी पाहुण्यांची परिषद तोंडावर आली होती आणि दाखवायला फक्त मेहुण्याचं राशिभविष्य होतं. त्यांनी मला फोन केला. पडद्यावर दाखवायची चित्रं आणि मजकूर माझ्याकडे असे.

"नाजिया बाई, बेटाची गोष्ट छान मांडा. पण त्या तंत्रज्ञाचं नाव काढून टाका. यश मंचाचं आहे. माणसं काय, येतात नि जातात."

मी नाव काढलं. बढतीच्या यादीत माझं नाव होतं ना! एका बटणाचं काम, लगेच झालं. साहेबांना नावं ठेवताना ही गोष्ट मी सोयीनं विसरते, म्हणून आज आधीच सांगून टाकते.

परिषदेत पाचशे माणसं होती. लमजदला बोलावणं नव्हतं. तो त्या दिवशी स्फाक्समध्ये कुणाची तरी खरखरणारी लाइन दुरुस्त करत होता. साहेबांना ऐनवेळी हुक्की आली की नंबर सगळ्यांसमोर फिरवून दाखवावा. मी हळूच म्हटलं, "साहेब, तो चालू नंबर आहे." ते म्हणाले, "म्हणूनच तर!"

मबरूका कुणाला तरी सुई टोचत होती, तिनं उचलला नाही. वीस सेकंदांनी सभागृहाच्या भोंग्यांतून खमायसचा धापा टाकणारा आवाज आला.

"बोला! कोण पडलंय?"

"नमस्कार, मी वजदी मझूनी, नवसेवा संचालक..."

"पडलंय कोण ते सांग!"

"कुणी नाही हो. हे प्रात्यक्षिक आहे. आमच्या खुल्या मंचाचं..."

"कुणी नाही? अरे, जाळं पाण्यात सोडून धावत आलोय मी! कुणाची आई मेली म्हणून?" मागून लाटांचा आवाज येत होता. "आणि तू कोण? हा लमजदचा नंबर आहे. तू कुठून घुसलास यात? लमजदला दे फोन!"

पाहुण्यांसाठी दुभाषे होते. त्यांनी कर्तव्य म्हणून सगळं भाषांतरित केलं, त्यामुळे सभागृह दोन हप्त्यांत हसलं. आधी आपली माणसं, मग पाहुणे.

त्या हशाची किंमत बेटानं मोजली. सोमवारी आमच्या एक्स्चेंजला पत्र आलं, चाचणी खात्याचा अनधिकृत वापर, खातं बंद. लमजद त्याच आठवड्यात ट्युनिसला गेला. भेटीत काय झालं ते त्यानं परत आल्यावर, पाय स्टुलावर ठेवून, मला शब्दशः सांगितलं.

साहेब म्हणाले, "सी लमजद, मंच खुला आहे. पण खुला म्हणजे कुणालाही खुला नव्हे."

"मग कुणाला?"

"भागीदारांना."

"माझे आहेत की दोन. खमायसकडे होडी आहे, मबरूकाकडे सायकल."

"नोंदणीकृत भागीदार म्हणतोय मी! अर्ज करा, समिती बघेल."

लमजदनं अर्ज केला. कंपनीची नोंदणी हवी म्हणाले. कर्मचाऱ्यानं कंपनी काढणं नियमात बसत नव्हतं, म्हणून त्यानं बेटावरच्या मच्छीमार मंडळाच्या नावानं अर्ज केला. मग परदेशी प्रयोगशाळेचा दाखला हवा म्हणाले. मग तीन वर्षांत गिऱ्हाईक किती वाढेल याचा अंदाज. लमजदनं त्या रकान्यात लिहिलं, "आजारी माणसं वाढू नयेत अशी इच्छा आहे." सात महिन्यांनी समितीनं एका ओळीत निकाल दिला. या सेवेला बाजार नाही.

त्या सात महिन्यांत तो नंबर मुका राहिला असता तरी चाललं असतं. पण मंचावरचा नंबर रिकामा ठेवू नये असं कुणाला तरी वाटलं आणि तो मेहुण्याच्या सेवेला जोडला गेला. ऑक्टोबरात एका सकाळी अल-अब्बासिया गावात म्हातारे हाज मसऊद अंगणात कोसळले. त्यांच्या बायकोला, लल्ला झिनाला, तोच एक नंबर पाठ होता. तिनं फिरवला. पलीकडून गोड आवाजात बाई म्हणाली, "आपली रास निवडा. मेषेसाठी एक दाबा." लल्ला झिनाला वाटलं, दवाखान्याचीच नवी बाई आहे, काहीतरी विचारतेय. ती तिला नवऱ्याची लक्षणं सांगत राहिली. फोन बंद झाला की पुन्हा लावायची, पुन्हा पहिल्यापासून सांगायची. शेवटी शेजारीण आली तेव्हा पाऊण तास गेला होता. हाज मसऊद वाचले, पण त्यांची वाचा गेली. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, एक शब्द न बोलता.

हे मला लमजदनंच सांगितलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "नाजिया, मला रमलाच्या एक्स्चेंजमध्ये एक दिवसाचं काम काढून दे. किरकोळ दुरुस्ती म्हणून. सही तुझ्या विभागाची लागते."

"कसली दुरुस्ती, सी लमजद?"

"माहीत नसेल तर तुला खोटं बोलावं लागणार नाही."

"सांगा. या वेळी माहीत असू दे."

रमला हे बेटावरचं मुख्य गाव. तिथलं एक्स्चेंज जुनं, भंगारात काढायच्या यादीतलं. त्याच्या पोटात एक विसरलेली सोय होती, हॉटेलांसाठी केलेली. एक नंबर फिरवला की ठरवून दिलेल्या लाइनी एकामागून एक वाजायच्या, म्हणजे स्वागतकक्षातलं कुणीतरी उचलेल. बेटावर एवढी मोठी हॉटेलं कधी झालीच नाहीत. लमजद म्हणाला, चार रिकाम्या लाइनी त्या यादीत घालायच्या आणि प्रत्येक लाइन एकेका मोबाइलवर वळवायची. वाऱ्याची खबर देता येणार नाही, दोन फोन एकदम वाजणार नाहीत. पण कुणीतरी उचलेल.

मी सही केली आणि त्याच्याबरोबर गेलेही. फेरीबोटीला तास लागला. रमलाला त्यानं हिरव्या अक्षरांचा जुना पडदा पुसला आणि एकेक आज्ञा टाइप केली, मला तर तो जुन्या दोस्ताशी कुजबुजतोय असं वाटलं. दुपारच्या अजानपर्यंत काम झालं. त्यानं चाचणीचा फोन लावला. मबरूका शेजारच्या गल्लीतूनच ओरडली, "वाजला!" मग ती आम्हाला जवाच्या पिठाची ऑक्टोपस घातलेली पेज खायला घेऊन गेली.

नवा नंबर चार वर्षं चालला. मुख्य कचेरीला त्याचा पत्ताच लागला नाही, कारण ते जुनं यंत्र वाचता येणारा माणूस तिथे उरला नव्हता. खुल्या मंचावर बंदी आलेलं काम एका बंदिस्त, जुनाट, भंगार म्हटलेल्या खोक्यानं मुकाट केलं. मबरूकाच्या वहीत त्या चार वर्षांत एकशे बारा नावं आहेत. सगळी वाचली नाहीत. पण कुणालाही रास विचारली गेली नाही.

मधल्या काळात देशात क्रांती झाली. वजदी साहेबांनी एका आठवड्यात कचेरीच्या भिंतीवरचा पळालेल्या राष्ट्राध्यक्षांचा फोटो उतरवला, मेहुण्याची ओळख विसरले आणि आपण पहिल्यापासून खुलेपणासाठीच झगडत होतो असं मुलाखतीत सांगितलं. त्यांना बढती मिळाली. लमजद त्याच वर्षी निवृत्त झाला. निरोपसमारंभ झाला नाही, कारण सभागृहात साहेबांचा सत्कार होता.

दोन हजार बाराच्या शेवटी रमलाचं जुनं एक्स्चेंज काढलं. तेव्हा चार वळवलेल्या लाइनी सापडल्या आणि चौकशीत कागदावर माझी सही निघाली. मला ताकीद मिळाली, पगारवाढ थांबली. नंबर गेला. मबरूकानं दवाखान्याच्या भिंतीवर निळ्या रंगानं चार मोबाइल नंबर रंगवले. ज्यांना वाचता येतं ते तिथून उतरवून घेतात. ज्यांना येत नाही ते शेजारणीला हाक मारतात. म्हणजे लमजद पुस्तक वाचायला बसला होता, त्याच्या आदल्या दिवशी बेट जिथे होतं, जवळजवळ तिथेच परत आलं.

खुला मंच त्याआधीच उपटला होता. देखभाल परवडेना म्हणाले. आता नवा घेतलाय, तोही खुला आहे असं ऐकते.

गेल्या उन्हाळ्यात मी अतायाला लमजदच्या घरी गेले होते. लमजद समुद्रात खजुरीच्या फांद्यांचं कुंपण ठोकून मासे धरतो, बापाचा धंदा. घरात टीव्ही चालू होता आणि पडद्यावर वजदी साहेब कुठल्याशा आखाती शहरातून आफ्रिकेनं आपली जाळी कशी खुली करावी ते शिकवत होते. मला राहवलं नाही.

"सी लमजद, राग येत नाही?"

"येतो ना. रोज येतो." त्यानं माशाच्या पोटातली घाण काढून मांजरापुढे टाकली. "पण याच्यावर नाही गं. हा असाच होता. मी त्याला अर्जात 'आपला नम्र' लिहिलं होतं, तीन वेळा. त्याचा येतो."

मग तो बायकोला म्हणाला, "झोहरा, आवाज कमी कर. आणि नाजियाला डोक्याकडचा तुकडा दे, तिला काटे काढायची सवय नाही."