माळ्यावर आल्याचा वास

स्वयंपाकघरावरच्या माळ्याच्या फळ्यांना बुरशी धरली की आमच्याकडे दोष ठरलेला असे, कौलं शाकारणाऱ्या बाबलचा. "नीट शाकारली नाहीस रे," असं आमचे हे त्याला दर वर्षी सुनवायचे, आणि तो मान खाली घालून पुन्हा शिडी लावायचा. यंदा मात्र भर थंडीत, आभाळात एक ढग नसताना फळ्या ओल्या झाल्या.

बाबल बॅटरी घेऊन माळ्यावर गेला. मग वरूनच म्हणाला, "वहिनी, जरा चहा टाका आणि गॅसवरची चिमणी सुरू करा." मला वाटलं, दमला असेल. चहाला उकळी आली, तसा वरून आवाज आला, "आलं घातलंत ना?"

चिमणीचा पाइप ह्यांनी मोठ्या हौसेने स्वतः बसवला होता. तो बाहेर काढायचा राहिला आणि माळ्यातच उघडा पडला. इतकी वर्षं आमच्याच भाताची, आमटीची वाफ वर जाऊन फळ्यांवर निजत होती, आणि आम्ही पावसाला आणि बिचाऱ्या बाबलला बोल लावत होतो. आपल्या घरातली ओल माणसाला नेहमी बाहेरूनच आलेली वाटते.

दोन कौलं सरकवून बाबल पाइप बाहेर काढायला लागला. हे खाली उभे होते. लग्नाला तीस वर्षं झाली, ह्या माणसाने स्वतःची कपबशीसुद्धा कधी उचलली नव्हती. त्यांनी चहा गाळला, आणि कप हातात धरून, एकेक पायरी जपत शिडी चढू लागले.