जनाची खाली घातलेली मान

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हिरू सुतार ठोकळ्यावर वाकलेला होता. कर्जतच्या बाजारातला हा अंबूबाईंचा छापखाना. साबणाची वेष्टनं, तमाशाच्या जाहिराती, यांवरची चित्रं हिरू शिवणीच्या लाकडात कोरून द्यायचा. आजचं चित्र मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं. पटाशी इतकी जोरात चालली होती की कपच्या भिंतीपर्यंत उडत होत्या.

सन १९३४. स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत मुंबईच्या एका चित्रकाराचं प्रदर्शन भरलं होतं. मधोमध 'वनकन्या' हे चित्र, डोक्यावर मोळी घेतलेली ठाकरीण. ती जना. चित्रकाराने तिला दोन सकाळी उन्हात उभी केली होती. रविवारी आपलं चित्र बघायला ती मोळीसकट आली, तर दारावरच्या माणसाने हात आडवा घातला. "इथं तुझं काय काम?" आत मंडळी वनकन्येला नाक लावून "काय जिवंत आहे!" म्हणत होती. चौकटी टांगायला बोलावलेला हिरू आतच होता. त्याने हातोडी उचलली आणि मागच्या दाराने निघून आला.

आता त्याने तेच कोरलं होतं. चित्राला चिकटलेली पागोटी, उपरणी, कोट, सगळ्यांच्या पाठी. मागे दारात जना, डोक्यावर मोळी, मान खाली.

अंबूबाईंनी पहिली छाप उजेडात धरली. "ही पाठ प्रदर्शन भरवणाऱ्या वकिलांची रं! त्यांची आमंत्रणं आपणच छापलीत. ओळखतील ते."

"ओळखू द्या, बाई. मला ते पाठमोरेच दिसले."

"पागोटं तरी बदल."

"नाय बदलनार."

लाकूड विकून परतणारी जना तेवढ्यात दारावरून चालली होती. हिरूने तिला बोलावून कागद दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"ही कोन?"

"तूच की."

"मी? मी कवा मान खाली घातली रं? त्या दारावरच्याला शिवी घातली मी. मोळी तिथंच आपटली दारात."

"मला ऐकू नाय आलं."

"ऐकाया तू थांबलास कुठं? मान तू खाली घातलीस. मी पायलं. तुजी मान माज्या खांद्यावर कशापायी बसवलीस?"

हिरूने पटाशी पुन्हा हातात घेतली. कोरून गेलेलं लाकूड परत भरत नाही. चूक काढायची तर तेवढा भाग पोखरून नवा तुकडा ठोकून बसवायचा आणि पुन्हा कोरायचं. डोकं आणि मोळी, दोन्ही त्याने पोखरून काढली. तुकडा बसवताना ठोकळ्याला चीर गेली असती तर सगळंच वाया गेलं असतं. चीर गेली नाही. जना दारातच उंबऱ्यावर बसली होती. हनुवटी वर, तोंड उघडं, मोळी पायाशी फुटलेली, एवढं होईपर्यंत ती उठली नाही.

नवी छाप पाहून अंबूबाई जनाकडे वळल्या. "शिवी कुठली दिलीस गं?"

जनाने त्यांच्या कानात सांगितली.

"आणि तो वकील तिथंच होता?"

"पाठ करून."

अंबूबाईंनी रूळ शाईत फिरवला. "पागोटं राहू दे रं तसंच," त्या म्हणाल्या आणि दारात वाटायच्या छापांसाठी कागद कापायला घेतले. प्रदर्शनाचा उद्या शेवटचा दिवस. धर्मशाळेचं दार दहाला उघडतं.